फटफटीची खांदशेकणी

आमच्या फटफटीनं तीन वर्षांत टायरांचे तीन जोड खाल्ले, आणि त्याचा दोष देण्यात मी कोणाला बाकी ठेवलं नाही. पहिल्या वर्षी रस्त्याच्या ठेकेदाराला दिला, कारण आमच्या टाकळीपासून भातकुलीपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसती गिट्टी आणि वरून शिंपडल्यासारखं डांबर. दुसऱ्या वर्षी सुनेला दिला, कारण गाडी ती चालवते. तिसऱ्या वर्षी शेजारच्या लीलाबाईच्या नजरेला दिला. लीलाबाईची नजर मी पंचवीस वर्षांपासून ओळखून आहे. ती कोठ्यात डोकावून गेली की म्हैस पान्हा चोरते. आता उरला होता भातकुलीचा टायरवाला अब्दुल गफ्फार. त्याला तोंडावर सांगायचं, की तू मला सडका माल विकला, तेवढं राहिलं होतं.

गाडी राजदूत. आमच्या ह्यांनी, म्हणजे खुशालरावांनी, अंकुर झाला त्या वर्षी घेतली. ते जाऊन नऊ वर्षं झाली, गाडी आहे. ह्यांना सकाळी उठवायला मला चार हाका माराव्या लागायच्या. ती दोन किकांत उठते.

अंकुर अकोल्याला दालमिलमध्ये कामाला आहे, रविवारी घरी येतो. त्यामुळे गाडी चालवते सीमा, माझी सून. रोज सकाळी दोन म्हशींचं आणि आजूबाजूच्या चार घरांचं दूध दोन कॅनांत भरून भातकुलीच्या डेअरीवर नेते. मीच तिला गाडी शिकायला लावली. गाव हसलं. मी म्हटलं, हसा, दात वाळले की थांबाल. दोन महिन्यांत त्याच गावच्या बाया तिला हात दाखवून थांबवायला लागल्या, “सीमा, मलेबी घेऊन चाल वं दवाखान्यात!”

त्याआधी हे काम बैल करायचे. राजा आणि तांबू. दूध, कपाशी, पाहुणे, सगळं बंडीनं जायचं. दोन हजार चार साली ते विकले. कडबा मिळेना, सरकी-ढेपेला हात लावावा तर हात पोळे, आणि कापूस घरात पडलेला. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावातल्या अर्ध्या दावणी रिकाम्या झाल्या. पार्बताबाईनं तिची जोडी विकली तेव्हा ती वेशीपर्यंत रडत गेली. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, “पार्बता, ढोरं गेली, लेक सासरी नाही गेली. नाक पूस.” माझी जोडी गेली तेव्हा मी डोळ्याला पदर लावला नाही. उलट घेणाऱ्याकडून दोर मोजून परत मागितला. गाव म्हणालं, दुर्गाबाई म्हणजे दगड आहे. मला बरं वाटलं.

पण मग आला पोळा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून खांदे सोललेले असतात, त्यांना कोमट तूप-हळद पळसाच्या पानानं लावायची आणि उद्याचं जेवायचं आवतन द्यायचं. माझा हात सवयीचा. त्या पहाटे मी वाटीत तूप तापवलं, हळद टाकली, पळसाचं पान घेतलं आणि कोठ्यात गेले, आणि कोठ्यात जाऊन आठवलं की खांदे विकले.

दावणीच्या जागी फटफटी उभी होती.

वाटी हातात, तूप थंड होत चाललेलं. तूप परत डब्यात टाकायचं म्हणजे हळदीचं टाकायचं कसं? मी गाडीकडे पाहिलं. हँडल म्हणजे शिंगं. दिवा म्हणजे कपाळ. मग खांदा कोणता? ज्यावर ओझं येतं तो. दुधाचे कॅन, सीमा, चार घरची ढेप, हे सगळं कोण वाहतं? चाकं. मग दोन्ही टायरांना मी तूप-हळद चोळली. चांगली गोल, आतून-बाहेरून. हात पुसला आणि घरात आले. सीमा अजून उठायची होती. कोणाला सांगायचं काही कारणच नव्हतं.

आणि एकदा सुरू केलं की माझं अर्धवट काही नसतं. बैलांच्या खुरांना दर अमावास्येला मी जवसाचं तेल लावायची. खूर तडकत नाहीत. टायरही काळं, खूरही काळं. तेव्हापासून दर अमावास्येला पहाटे टायराला जवसाचं तेल आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद. आपल्या हातानं इतकी सेवा करूनही टायरं वर्ष काढेनात, म्हणून तर माझा जीव जास्त जळायचा. आता सांगा, दोष मी दुसऱ्यालाच देणार ना?

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी अंकुर सुटी घेऊन आला. पहाटेचं माझं काम तेवढं राहून गेलं होतं, कारण हा पठ्ठ्या पहिल्या गाडीनं येऊन कोठ्यातच उभा. टायरावर बोट फिरवलं तर सालीसारखा तुकडा हातात आला.

“माय,” तो म्हणाला, “पुरे झालं. ही गाडी काढून टाकतो.”

“कायले? तुह्या बापाची हाय.”

“बापाची हाय म्हणून सीमाचा जीव घेऊ का? दोनदा पडली ते. खांदा अजून दुखून राहिला तिचा.”

हे खरं होतं. सीमा दोनदा घसरली, दोन्ही वेळा वळणावर, दूध सगळं रस्त्याला. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, “डोये उघडे ठेवून चालवत जाय वं बाई.”

अंकुरनं पुढचं सांगितलं. वरूडचा एक संत्राबागवाला आहे. त्याला जुनं इंजिन पाहिजे, बागेत फवारणीच्या पंपाला जोडायला. पोळा झाला की तिसऱ्या दिवशी तो येणार. इंजिन काढणार, बाकीचं भंगारात देणार.

“म्हणजे माही गाडी संत्र्यायले औषध मारत फिरन?”

“फिरन नाही, एका जागी बसून मारन.”

“त्यापेक्षा मलेच तिथं नेऊन बसव.”

बरीच बोलाचाली झाली. शेवटी अंकुर म्हणाला, “हे पाय माय, तुहं म्हणणं का टायरं खराब देली. चाल, गफ्फारचाचाच्या तोंडून ऐकू. टायरात दोष निघाला तं ते बदलून देतीन, गाडी राहीन. गाडीत दोष निघाला तं वरूडले. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. मला काय भीती? मी तर गफ्फारचा निकाल मनात लावूनच बसले होते.

सीमा हळूहळू गाडी घेऊन पुढे गेली. मी आणि अंकुर काळीपिवळी जीपमधून गेलो. चौदा माणसं आणि एक बोकड. तो सगळ्या वाटेनं माझ्या पदराचा वास घेत होता.

गफ्फारचं दुकान पोस्टासमोर, कडुनिंबाखाली. तो ह्यांचा दोस्त. ह्यांच्याबरोबर एका ताटात जेवलेला, आणि मला घाबरतो. मी उतरले तशी त्यानं स्टूल पुसलं.

“या दुर्गावैनी, या. चहा सांगू?”

“चहा मांगून सांग. आधी हे सांग, तू मले मागच्या वर्षी टायर देलं का गवऱ्या?”

“अल्ला! काहून, काय झालं?”

“काय झालं? पाय ना. माह्या टाचा बऱ्या याच्यापेक्षा.”

गफ्फारनं चश्मा लावला आणि गाडीभोवती उकिडवा बसत बसत फिरला. तडे पाहिले, नखानं खरवडलं, मान हलवली. मग म्हणाला, “वैनी, रागावू नोका. हेच टायर, याच दिवशी, मी रामराव पोस्टमनले बसवून देलं. त्याचीबी राजदूत. दोन्ही जोड मी एकाच दिवशी अकोल्याहून आणले.”

“त्याचंबी फाटलं असन.”

“थे पाय, समोर उभी हाय त्याची गाडी. चला.”

रस्ता ओलांडून आम्ही पोस्टासमोर गेलो. गफ्फारनं रामरावच्या टायराच्या बाजूला बोट ठेवलं. रबरावर चार आकडे उठलेले होते.

“वैनी, तुमाले वाचता येते. वाचा.”

मी चौथी पास आहे. आकडे मला कोणी शिकवू नयेत. “तेवीस, शून्य सहा.”

“ही टायराची जन्मतारीख. दोन हजार सहाचा तेविसावा हप्ता. आता आपल्या गाडीचं वाचा.”

परत आले, वाकून वाचलं. तेवीस, शून्य सहा. एका आठवड्यात जन्मलेली दोन पोरं. एक दांडगं, काळंभोर, रोज दहा गावं हिंडणारं, आणि आमचं असं, जसं बारा महिने तापात निजून उठलं. रामराव खिडकीतून ओरडला, “काय वो दुर्गाबाई, माही गाडी पसंत हाय काय?” मी म्हटलं, “गाडी हाय, मालक नाही.” पण माझा आवाज जरा खालीच गेला होता.

“मंग टायरात दोष नाही,” अंकुर म्हणाला.

गफ्फारनं चाकं सोडवली, फिरवून पाहिली, रिम पाहिली, एक्सल पाहिला. “गाडीतबी दोष नाही. चाकं सरळ हायेत. खुशालभाऊनं गाडी पोरीसारखी ठेवली होती.”

“टायरात नाही, गाडीत नाही, मंग दोष हाय कुठं?”

गफ्फारनं टोचा घेतला आणि एका तड्यात घातला. टोच्याच्या टोकाला काहीतरी पिवळं लागून आलं. त्यानं ते उन्हात धरलं. मग हुंगलं.

“वैनी, याच्यात हळद कायची?”

मी निंबाकडे पाहिलं.

“आन वास येऊन राहिला जवसाच्या तेलाचा. हळद, तेल… आन हे तं तूप दिसते. टायराले कोणी फोडणी देली का काय?”

तेवढ्यात सीमानं तोंडावर हात ठेवला. “मायबाई! आत्याबाई, मी तुमाले सांगतलं नाही. मी दोनदा पडली ना, दोन्हीखेपा अमावास्येच्या दिवशी पडली. सकाई सकाई. चाक असं सरकलं जसं खालून कोणी ओढलं. आन आता हळद! कोणी करणी केली आपल्या गाडीवर.”

“करणी-बिरणी काही नसते,” अंकुर म्हणाला. पण एक पाऊल मागे सरकून म्हणाला.

“नसते कशी? अमावास्या, तेल, हळद. कोठ्यात येऊन कोण करून राहिलं असन?” सीमाचे डोळे मोठे झाले. “लीलाकाकू! परवाच आलत्या कोठ्यात. मने, गाडी कशी चकाकते वं तुमची.”

खरं सांगते, त्या क्षणी मला पळवाट दिसली. लीलाबाईला करणी लावून द्यायची आणि गप्प बसायचं. तिनं माझ्याबद्दल पंचवीस वर्षांत यापेक्षा वाईट सांगितलेलं आहे. पण अंकुरनं खिशातून मोबाइल काढला.

“कोणाले लावतं?”

“वरूडले. करणी असो का काही असो, सीमाच्या मनात भेव बसलं. आता हे गाडी घरात नाही ठेवत मी. त्याले म्हणतो, आजच ये.”

त्यानं बटणं दाबायला सुरुवात केली. बटणांचा पी-पी आवाज येत होता. मी पाहत होते गाडीकडे; चाकं काढलेली, दोन विटांवर उभी, पाय कापल्यासारखी. आणि मला राजा आणि तांबू दिसले, टेम्पोत चढताना. तेव्हा मी दोर मोजत होते. या खेपेला मोजायला दोरही नव्हता.

“ठेव तो फोन,” मी म्हटलं.

“माय…”

“ठेव म्हणते ना! आन तिघंबी ऐका. मी एकदाच सांगीन. पुन्हा इचारलं तं मी बोलली नाही म्हणीन.”

मी स्टुलावर बसले. “लीलाबाईनं काही केलं नाही. तिले करणी करता येत असती तं मी कधीच मेली असती. तेल मी लावलं.”

अंकुरनं फोन बंद केला.

“कायचं तेल?” अंकुर म्हणाला.

“जवसाचं. दर अमावास्येले. खुराले लावतेत तसं. आन पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद. खांदशेकणी.”

“टायराची?”

“मंग काय तुह्या सासऱ्याची? कोठ्यात म्हशी सोडून दुसरं होतं कोण? वाटीत तूप तापून तयार. ज्यायचे खांदे होते थे गेले. मंग मी… जो ओझं वाह्यते त्याले लावलं. माणसानं हात रिकामा आणाव काय परत?”

सीमा माझ्याकडे पाहत होती. ती मला दगड समजणाऱ्यांपैकीच होती. घरात राहून समजणारी. म्हणाली, “तीन वर्षांपासून?”

“तीन वर्षांपासून. आन तू पडली थे माह्याच तेलानं पडली. डोये उघडे ठेव म्हणलं होतं ना मी तुले? तुहे उघडेच होते. झालं? आता हसायचं असन तं हसून घ्या.”

पहिला फुटला गफ्फार. त्यानं आधी दाढीत हसायचा प्रयत्न केला, मग चश्मा काढला, मग टायरांच्या चळतीला धरून हसला. मग अंकुर. सीमा हसता हसता रडत होती की रडता रडता हसत होती, मी पाहिलं नाही. मी निंबाकडेच पाहत होते.

“वैनी,” गफ्फार डोळे पुसत म्हणाला, “रबर म्हंजे झाडाचा चीक. त्याले तेल लावलं का थे फुगते, नरम पडते, मंग उन्हात तडकते. आन तेल लावून रस्त्यावर काढणं म्हंजे… सीमाबेटी, तुले तं बक्षीस देल्लं पाह्यजे, तू दोनदाच पडली!”

“मले कोणी सांगतलं होतं काय?”

“टायराले तूप लावू नोका, असं दुकानावर लेहून ठेवाव काय मी?”

“लेहून ठेव. दुर्गाबाई सोडून सगळ्यायले कामी येईन.”

अंकुरनं मोबाइल खिशात घातला. कबूल केलं होतं ते केलं होतं: दोष गाडीत निघाला नव्हता. गफ्फारनं नवा जोड काढला आणि आकडे मलाच वाचायला लावले. मी वाचले. याच वर्षीचा होता. मग त्यानं नवीन टायराच्या कडेला बोटांनी काहीतरी लावायला घेतलं, गुळगुळीत, फेसाळ. मी स्टुलावरून उठले.

“हे काय लावून राहिला? मी लावलं तं करणी, आन तू लावलं तं कारीगरी?”

“साबणाचं पाणी हाय वैनी! टायर रिमवर सरकाव म्हणून. हे वायून जाते. तेल जात नाही.”

“जाते का नाही थे मी उद्या हात लावून पाहीन.”

“पाहा. कोरडा हात लावा.”

टामीनं त्यानं टायर चढवलं, हवा भरली, आणि टायर रिमवर फटकन बसलं. त्या आवाजाला मी दचकले नाही. सीमानं गाडीवर टांग टाकली आणि या खेपेला मी काळीपिवळीत बसले नाही. तिच्या मागे बसले. अंकुर बोकडाबरोबर आला.

वळणावर, जिथं ती पडायची, तिथं तिनं गाडी जराशी वाकवली. चाक रस्त्याला धरून राहिलं. मी तिचा खांदा धरला होता, तर ती “आई गं” म्हणाली. दुखरा खांदा तोच.

घरी आलो तर दिवस कलायला आला होता. गावात बाकीच्या कोठ्यांत खांदशेकणी चालू. ज्यांचे बैल राहिले होते ते धुऊन आणलेले. मी चुलीवर वाटी ठेवली. तूप, हळद. पळसाचं पान सकाळीच तोडून ठेवलं होतं, ते घेतलं. अंकुर दारातून ओरडला, “माय! आता कोठ्यात जाऊ नको वं!”

“कोठ्यात कोण जाते?” मी म्हटलं. “सीमा, इकडे ये. बस अशी. पदर सरकव.”

“मले? आत्याबाई, काय करून राहिल्या?”

“रोज सकाई चाळीस लिटर कोण उचलते? थे गाडी उचलते का? खांदा कोणाचा हाय थे मलेच तीन वर्षं समजलं नाही. हलू नको. राजाबी इतका नाचत नव्हता.”

मी पान तुपात बुडवलं आणि तिच्या दुखऱ्या खांद्यावर शेक दिला. पहिल्यांदा ती चटका लागल्यासारखी आखडली, मग तिनं मान खाली टाकली. दोन्ही खांदे मी नीट शेकले. हात माझा सवयीचाच आहे. आवतन द्यायची वेळ आली तेव्हा मी तेही दिलं, हळूच; उद्या पुरणपोळीचं जेवण, पहिलं ताट तुझं.

तिनं पदर सावरला. मग खाली मान ठेवूनच म्हणाली, “आत्याबाई, एक इचारू?”

“इचार.”

“पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही ना?”

“नाही ठेवत. कावून?”

“मंग उद्या दूध कोण नेईन?”

अंकुर दारात हसायला लागला होता, त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं. त्याचं हसू बंद झालं.

सकाळी अंकुरनं कॅन बांधले. पोळ्याचा दिवस, गाडीच्या हँडलाला मी गोंडे बांधले, दिव्याला कुंकू लावलं, लोखंडाला, रबराला नाही. अंकुर आयुष्यात दमला नसेल तेवढा ते दुधाचे कॅन उचलून दमला. सीमा ओट्यावर बसून चहा पीत होती. लीलाबाई कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, “काय वो दुर्गाबाई, गाडीले नवीन टायर? कशी चकाकते!”

“पाय,” मी म्हटलं. “पोटभर पाय. आता काही होत नाही तिले.”